देवकुंड : आधी परतीची वेळ ठरवा

भाऊबीज उरकली, ओवाळणीची पाकिटे कपाटात गेली आणि चिवड्याचा डबा तळाशी आला, की मध्यमवर्गीय घरात एक ठराविक वाक्य ऐकू येते, "आता एक दिवस कुठंतरी बाहेर पडू या!" हे वाक्य बहुधा घरातले कर्ते पुरुष बोलतात, मुले त्याला टाळ्या वाजवून अनुमोदन देतात, आणि "बाहेर पडायचं म्हणजे डबे कोण भरणार?" हा मूलभूत प्रश्न गृहिणी विचारते. मग कुटुंबाची परिषद भरते. महाबळेश्वर महाग, अलिबागला गर्दी, लोणावळा तर मागच्याच वर्षी झाले. अशा वेळी कोणीतरी आपला मोबाइल पुढे करतो. त्यात एक चित्र असते. तिन्ही बाजूंनी काळाभोर कडा, त्यावरून सुटलेली पांढरी शुभ्र धार आणि खाली हिरव्यानिळ्या पाण्याचे कुंड. "हे बघा देवकुंड!" परिषद एकमताने ठराव संमत करून उठते, आणि नेमके जे ठरवावयास हवे, ते सारे राहून जाते.

त्या राहून गेलेल्या गोष्टींविषयीच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

देवकुंड रायगड जिल्ह्यात, ताम्हिणी घाटाच्या पायथ्याच्या रानात आहे. कुंडलिका नदीचा उगम तेथे मानतात. पुण्याची मंडळी पौड, मुळशीवरून ताम्हिणी घाट उतरून विळे व पाटणूस मार्गे भिरा गावी येतात; त्यांना अडीच ते तीन तास पुरतात. मुंबईकरांनी पनवेल, पेण, नागोठणे करीत कोलाडला यावे आणि तेथून आत विळ्याकडे वळावे. त्यांनी चार तास धरावेत, आणि महामार्गाची लहर फिरली तर पाच. आगगाडीनेच यावयाचे असेल तर कोकण रेल्वेवरचे माणगाव स्थानक सोयीचे आहे. तेथून पाटणूसकडे जाणाऱ्या एस.टी.ची वेळ आगारात आधी विचारून ठेवावी, आणि विचारताना जाणाऱ्या गाडीइतकीच परत येणाऱ्या शेवटच्या गाडीचीही चौकशी करावी. भिऱ्याला रस्ता संपतो. पुढे पायी चालणे, एका बाजूचे सुमारे सहा किलोमीटर.

गिर्यारोहक मंडळी या वाटेला "सोपी ते मध्यम" म्हणतात. मराठी शिकविण्याचा धंदा असल्यामुळे असो, पण मला या "मध्यम" शब्दाची धास्ती वाटते. मध्यम कोणाच्या मानाने? दर रविवारी एक गड चढून येणाऱ्या तरुणाचे मध्यम वेगळे, आणि इमारतीची लिफ्ट बंद पडली की तिसऱ्या मजल्यावर टेकणाऱ्या गृहस्थाचे वेगळे. १८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने डोंगरातल्या चालीचा एक हिशेब मांडला. तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. हा हिशेब जगभर चालतो. देवकुंडाच्या वाटेला चढ फारसा नाही, तेव्हा नेस्मिथसाहेबांच्या मते दीड तास, फार तर पावणेदोन तासांत आपण कुंडापाशी असावयास हवे. पण नेस्मिथसाहेबांबरोबर आपल्या आत्याबाई नव्हत्या! दर अर्ध्या तासाने पाणी मागणारी, काटक्या वेचणारी, बूट काढून खडा शोधणारी मुले नव्हती. कुटुंबाची सहल ही सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या पायांनी चालते. म्हणून त्यांचा आकडा दुप्पट करावा आणि जावयास तीन तास व यावयास तीन तास असे सरळ धरून टाकावे.

आता ऋतूचे पाहू. धबधबा म्हटला की पावसाळा, हे समीकरण आपल्या मनात फार घट्ट बसले आहे. भर आषाढात मित्रमंडळी जमवून धारेखाली उभे राहिल्याखेरीज वर्षाऋतू साजरा झाला असे कित्येकांना वाटतच नाही. मला हा हट्ट साफ नामंजूर आहे. ताम्हिणीचा पाऊस हा शहरातला पाऊस नव्हे. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत तेथे ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. पुणे शहरात वर्षभरात सरासरी सातशेच्या आसपास पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका दिवसाची कल्पना यावी. शिवाय देवकुंडात येणारे पाणी आपल्या डोक्यावर पडलेल्या पावसाचे नसते. ते वरच्या घाटमाथ्यावरून, प्लस व्हॅली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दरीतून, अनेक ओहोळांचे मिळून येते. कुंडापाशी स्वच्छ ऊन असताना वर ढग फुटलेला असू शकतो, आणि तो आपल्याला दिसत नाही, कारण मध्ये कडा उभा असतो. वाट तर ओढे ओलांडीतच जाते. जाताना घोट्याएवढा असलेला ओढा येताना कमरेएवढा झाला, तर माणूस नेमका पलीकडच्या तीरावर अडकतो.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच माणसे वाहून गेली. त्यांत चार मुले होती. ती सारी पाण्याच्या मध्यावर एका खडकावर उभी होती, आणि लोंढा वरून आला. त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांतच माणगावजवळच्या कुंभे येथे एक तरुणी धबधब्यापाशी दरीत पडून मरण पावली. देवकुंडानेही बळी घेतले आहेत. म्हणूनच अलीकडे पावसाळ्यात प्रशासन तेथे जाण्यास मनाई करते. ही मनाई पहारेकऱ्याची नजर चुकवून मोडण्यात काही मंडळींना पराक्रम वाटतो. त्यांच्याविषयी न लिहिलेलेच बरे.

दिवाळीनंतरचा काळ मात्र या वाटेचा खरा काळ. आकाश निवळलेले, ओढे उतरलेले, कड्यावरची धार अजून भरदार, आणि पाण्याचा गढूळपणा जाऊन त्याला तो चित्रातला हिरवा-निळा रंग चढलेला. रान अजून हिरवे असते, पण वाट कोरडी असते. फेब्रुवारीनंतर धार बारीक होत जाते. दिवाळी लवकर, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यावर आली असेल तर एवढे ध्यानात ठेवावे, की परतीचा पाऊस घाटात दुपारनंतर गडगडाट करीत येण्याची शक्यता असते. बंदी उठली आहे की नाही, हे निघण्यापूर्वी पाटणूस ग्रामपंचायतीकडे किंवा पोलिसांकडे विचारून घ्यावे. चित्रावरची तारीख पाहून अंदाज बांधू नये.

आता मुख्य गोष्ट. सहलीची आखणी आपण नेहमी निघण्याच्या वेळेपासून करतो. पाचला उठायचे, साडेपाचला चहा, सहाला गाडी. ती उलट्या टोकाने करून पाहावी. नोव्हेंबरच्या सुरुवातीस या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि दाट झाडीत त्याच्या कितीतरी आधी पायाखालचे दिसेनासे होते. म्हणून साडेतीन वाजता आपण भिऱ्यात परत असले पाहिजे. सूर्यास्तापर्यंतचे उरलेले अडीच तास आळसासाठी नव्हेत. कोणाचा तरी घोटा मुरगळला, तर त्यासाठी ते राखून ठेवलेले आहेत. साडेतीनला गावात यावयाचे तर साडेबाराला कुंड सोडले पाहिजे. दीड तास कुंडापाशी हवा, म्हणजे अकराला तेथे पोहोचले पाहिजे. त्यासाठी आठ वाजता भिऱ्यातून पाऊल उचलले पाहिजे. पुणेकरांना हे पहाटे पाचला निघून जमते. मुंबईकरांनी आदल्या रात्री कोलाड किंवा पाटणूसच्या आसपास मुक्काम करावा.

आणि या सर्वांवर एक नियम. बारा वाजता आपण जेथे असू तेथून मागे फिरावयाचे. कुंड दिसत असो वा नसो.

हा नियम घरी, जेवणाच्या टेबलाशी, सर्वांच्या देखत ठरवावा आणि तो अमलात आणण्याचे काम एकाच माणसावर सोपवावे. वाटेत ठरवू म्हटले की तो ठरत नाही. कारण वाटेत परत येणारी माणसे भेटतात, आणि "अजून किती राहिलं हो?" असे विचारले की ती सारी हसतमुखाने "हे काय, दहा मिनिटं!" असेच सांगतात. मी पाऊण तासाच्या अवधीत तीन वेळा ही दहा मिनिटे ऐकली आहेत. शिवाय "आता परत फिरू या" हे वाक्य बोलण्याची हिंमत कोणी करीत नाही. मेहुण्यांना वाटते भाऊजी हसतील, भाऊजींना वाटते मुले हिरमुसतील, आणि ज्यांचे गुडघे खरोखर दुखत असतात त्या आत्याबाईंना वाटते, की आपल्यामुळे सर्वांचा विरस नको. अशा रीतीने सहा माणसे परस्परांच्या भिडेखातर पुढे पुढे चालत राहतात.

दोन वर्षांपूर्वी आमची मंडळी गेली, तेव्हा एका गाडीचे चाक घाटात बसले आणि चालावयास आरंभ करावयासच पावणेदहा झाले. बाराच्या ठोक्याला आम्ही शेवटच्या खडकाळ टप्प्याच्या अलीकडे होतो. धबधब्याचा आवाज स्पष्ट येत होता. घड्याळ आमच्या वहिनींकडे होते. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "झाले बारा." त्यांच्या बारा वर्षांच्या मुलाने "आई, आवाज येतोय गं!" म्हणून अक्षरशः डोळ्यांत पाणी आणले. त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. त्याच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी तोंड भिऱ्याकडे वळविले. त्या दिवशी पाऊस आला नाही, ओढा वाढला नाही, कोणाचा पायही घसरला नाही. सायंकाळपर्यंत आकाश आरशासारखे स्वच्छ होते. भाच्याने तो दिवस अजून माफ केलेला नाही, आणि कोणी विषय काढला की तो आवर्जून सांगतो, "काही झालं नसतं." त्याचे म्हणणे खरे आहे. तरी पुन्हा जाताना घड्याळ वहिनींकडेच द्यावे, असे आमचे ठरले आहे.

भिऱ्यात उतरल्यावर पहिले काम गावातला वाटाड्या ठरविण्याचे. वाट मळलेली आहे, मोबाइलमध्ये नकाशा आहे, मग वाटाड्या कशाला, असे शहाणपण काही मंडळी करतात. एक तर रानात मोबाइलला आवाज पोहोचत नाही. आणि दुसरे म्हणजे नकाशाला ओढ्याचा रंग कळत नाही. पाणी किंचित गढूळ झाले, पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या, खळखळीचा सूर जाड झाला, की गावचा माणूस उभा राहून कान देतो. आपण तेव्हा छायाचित्र काढीत असतो. त्याची बिदागी आधी विचारून ठरवावी, घासाघीस करू नये, आणि त्याने "मागं फिरा" म्हटले तर बारा वाजण्याची वाट पाहू नये.

दुसरे काम जेवणाचे. गावातल्या घरांतून सकाळी सांगून ठेवले तर दुपारी गरम जेवण मिळते. तांदळाची भाकरी, पिठले, ठेचा, कांदा. यात पोटाची सोय तर आहेच, पण आणखीही एक सोय आहे. किती माणसे गेली आणि कधी येणार, हे गावात कोणाला तरी ठाऊक राहते. साडेतीनची भाकरी साडेचारपर्यंत कोणी खाल्ली नाही, तर ती करणारी मावशी दारात येऊन वाटेकडे पाहते. शहरातल्या आपल्या शेजाऱ्यांना आपली आठवण दुसऱ्या दिवशी दूधवाला आल्यावर होते.

बरोबर न्यावयाच्या सामानाविषयी फार लिहीत नाही. माणशी दोन ते तीन लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी, लिंबे, पट्टी व मुरगळल्यावर बांधावयाचे फडके, विजेरी, शिट्टी, कोरड्या कपड्यांचा एक जोड गाडीत. तळव्याला खाचा असलेले जुने, पायाला सरावलेले बूट घालावेत. नवे बूट सहलीला घालणे म्हणजे सासरी पहिल्याच दिवशी स्वयंपाकाला बसण्यासारखे आहे. फराळापैकी शंकरपाळे, चकल्या आणि लाडू उत्तम प्रवास करतात. चिवडा सांडतो. दशम्या आणि तिळाची चटणी यांना तर तोड नाही. अत्तर लावू नये आणि रानात धूर करू नये. कड्यांना आग्या मोहोळे असतात, आणि ती चिडली की पळावयास जागा नसते. गाण्यांचा डबा घरी ठेवावा. त्याने मोहोळाचे काय होईल ते होवो, माझ्यासारख्याचे फार होते.

वाटेचा पहिला भाग पाण्याच्या कडेकडेने जातो. हे भिऱ्याच्या धरणाचे पाणी. मुले विचारतात, "हे देवकुंडातूनच आलंय ना?" त्याचे उत्तर द्यावयास येथे पाच मिनिटे जरूर बसावे. देवकुंडाचे पाणी त्यात आहे. पण पुष्कळसे पाणी घाटापलीकडचे आहे. मुळा नदी पूर्वेकडे वाहते. तिचे पाणी भीमा व कृष्णा यांच्या वाटेने बंगालच्या उपसागरास मिळावयाचे. टाटांनी मुळशीला ती अडवून तिचे पाणी सह्याद्रीतून पश्चिमेस आणले, सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला सोडले आणि त्यावर १९२७ साली वीजघर सुरू केले. तेच पाणी पुढे कुंडलिकेतून अरबी समुद्राला जाते. या धरणाखाली मावळच्या शेतकऱ्यांची घरेदारे व भातखाचरे बुडाली. त्यांनी १९२१ ते १९२४ या काळात केलेला मुळशी सत्याग्रह आपण इतिहासात वाचतो. पांडुरंग महादेव बापट हे "सेनापती" झाले ते याच लढ्यात. मुंबईच्या गिरण्या आणि आगगाड्या ज्या विजेवर चालल्या, तिची किंमत कोणी भरली, हे पाण्याकडे पाहत मुलांना सांगता येते. वर्गात सांगितले तर ती जांभया देतात. येथे देत नाहीत, असा माझा अनुभव आहे. वीजघर चालू झाले की खालच्या नदीतले पाणी एकाएकी वाढते, म्हणून धरणाखालच्या पात्रात मात्र मुलांना उतरू देऊ नये.

पुढे झाडी दाट होते, ओढे लागतात, आणि शेवटी मोठमोठ्या धोंड्यांवरून चढत जावे लागते. मग एकदम समोर कडा उभा राहतो.

कुंडाविषयी एकच सांगणे आहे, पण ते जरा खुलासेवार सांगतो. हजारो वर्षे वरून कोसळणाऱ्या पाण्याने आणि त्याबरोबर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी खालचा काळा पाषाण कोरून हे कुंड झाले आहे. साहजिकच जेथे धार पडते तेथे ते सर्वांत खोल असते. काठाशी गुडघाभर असलेले पाणी दोन पावलांवर डोक्यावरून जाते, आणि तळ शेवाळलेला असतो. धारेखालचे पाणी फेसाळ असते, म्हणजे त्यात हवा मिसळलेली असते. असे पाणी हलके होते आणि माणसाला नेहमीसारखे तोलून धरीत नाही. पोहण्याच्या तलावात पदके मिळविलेला माणूसही तेथे खाली जातो. त्यात पडणारी धार त्याला आणखी खाली दाबते, आणि गारठ्याने हातपाय आखडतात. म्हणून काठाशी बसावे, पाय सोडावेत, तोंडावर तुषार घ्यावेत. दोर बांधलेला असेल तर त्याच्या पलीकडे जाऊ नये. "मला पोहता येतं" हे उत्तर येथे चालत नाही.

दीड तास लहान वाटतो, पण काही न करता बसले तर तो पुष्कळ असतो. "धबधबा" हा शब्द ज्याने घडविला त्याने तो अशाच ठिकाणी कानाने घडविला असला पाहिजे. जवळ बसून ऐकले म्हणजे त्यातली अक्षरे सुटी होतात. दूर गेले की नुसती एक अखंड घरघर उरते. मुलांना डोळे मिटून ऐकावयास सांगावे. आमच्या आत्याबाईंनी मागच्या खेपेस तेथे अर्धा तास मौन पाळले, ही गोष्ट त्यांच्या घरात अजून कोणाला खरी वाटत नाही.

परतताना पाय थकलेले असतात आणि तोंडे जोरात चाललेली असतात. घसरण्याचे प्रकार बहुधा याच वेळी होतात. तेव्हा धोंड्यांचा टप्पा संपेपर्यंत गप्पा बंद. लहान मुले मध्ये, वाटाड्या पुढे, आणि सर्वांत शेवटी एक जाणता माणूस, ज्याच्या मागे कोणी राहिलेले नाही. प्रत्येक ओढ्यापलीकडे डोकी मोजावीत. चकल्यांची रिकामी पिशवी, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांची वेष्टने सारे आपल्याबरोबर गाडीपर्यंत आणावे.

भिऱ्यात पिठले-भाकरी झाली, की ज्याला गाडी चालवावयाची आहे त्याला ओसरीवर अर्धा तास आडवे होऊ द्यावे आणि तोपर्यंत मुलांनी ओसरीकडे फिरकू नये. पुणेकरांना पुढे ताम्हिणीची वळणे चढावयाची आहेत; घाट उजेडात चढून झाला म्हणजे पौडला चहाला थांबता येते.